बिनआवाजाची टाळी

१२ जानेवारी, रविवार

ही वही बँकेने नाताळात मिसेस टॉल्बर्टना भेट दिली आणि त्यांनी ती माझ्या दारात आणून टाकली. म्हणाल्या, "राजदूत, तुम्ही भिंतीपलीकडे जे पुटपुटत असता ना, ते यात लिहीत जा. मला झोप तरी लागेल."

त्या घरमालकीण आहेत, त्यांचं ऐकावं लागतं. या घरात सगळे मला राजदूत म्हणतात, ते दाढीमुळे. सिनेमात मला बहुतेक वेळा परदेशचा राजदूत म्हणून उभं करतात, नाहीतर नाटकगृहातला श्रीमंत प्रेक्षक म्हणून बसवतात. तोंडी शब्द नसतो. खरा मी शिमे मारासोविच, सान पेद्रोच्या धक्क्यावर होड्या सांधणारा सुतार. शाळा झाली ती समुद्रापलीकडे, आमच्या बेटावर, आणि तीही बोकडांमागे पळता पळता. तेव्हा इथे काय लिहायचं हा प्रश्नच आहे.

आज अंजिरं संपली, एवढं लिहितो. दर नाताळात सुकी अंजिरं भरलेली पेटी येते. आत चिठ्ठी नाही, बाहेर पाठवणाऱ्याचं नाव नाही. सान पेद्रोच्या आमच्या कोळी मंडळाकडून येत असणार, दुसरं कोण पाठवणार? प्रत्येक थराखाली एक तमालपत्र घातलेलं असतं, माझी बायको पेरिना घालायची तसंच. मंडळात हे अजून कुणाला ठाऊक आहे, याचं नवल वाटतं. शेवटचं अंजीर तोंडात बराच वेळ धरून ठेवलं. पान टाकवलं नाही, ते या वहीत ठेवलं आहे.

१५ जानेवारी, बुधवार

आज काम होतं. नाटकगृहाचा प्रसंग, दिवसभर.

काम मला बऱ्यापैकी मिळतं. ही दाढीची कृपा. लास्लो शेजारच्या खोलीत राहतो. तो हंगेरीचा, मूळचा न्हावी, सिनेमात सरदार होतो नाहीतर वाढपी. बिचारा दिवसभर जिन्याखालच्या फोनला चिकटलेला असतो. कास्टिंग ऑफिसला फोन लावायचा, नाव सांगायचं, तिकडची बाई म्हणते, "काही नाही, नंतर बघा," आणि फोन ठेवायचा. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. शहरातले सगळे एक्स्ट्रा हेच करतात. मला मात्र त्यांचाच फोन येतो.

"दाढीला मध लावतोस का रे?" लास्लो आज म्हणाला.

"एरंडेल."

"मी सरदार होतो बघ, खराखुरा, तीन सिनेमांत. मला कुणी नावाने बोलावत नाही. आणि हा सुतार."

"तू दाढी वाढव."

"मी न्हावी आहे, म्हाताऱ्या. स्वतःच्या धंद्याला लाथ मारू?"

नाटकगृहाच्या प्रसंगात आमचं काम टाळ्या वाजवण्याचं. पण नायिका रंगमंचावर बोलत असते आणि तिचे शब्द टिपायचे असतात, म्हणून टाळ्यांचा आवाज होऊन चालत नाही. सहायक दिग्दर्शक कर्णा तोंडाला लावून ओरडतो, "टाळ्या, आवाज नको, चष्मे काढा." चष्म्यावर दिवे चमकतात. मग शेकडो माणसं जोरजोरात हात हलवतात आणि तळवे तिळाएवढ्या अंतरावर थांबवतात. खरा आवाज नंतर कुठून तरी आणून चिकटवतात. नवा माणूस हमखास फसतो.

येले फसली होती. बोलपट नुकते सुरू झाले होते. पेरिना गेली होती आणि पोरीला घरी कुणापाशी ठेवणार, म्हणून मी तिला बरोबर न्यायचो. एकदा तिलाही फ्रॉक घालून माझ्या बाजूच्या खुर्चीत बसवलं. तिने अशी खणखणीत टाळी दिली की सगळं थांबलं आणि शेकडो माणसं वळून तिच्याकडे बघायला लागली. घरी आल्यावर रडून रडून तिचे डोळे सुजले. मग मी तिला स्वयंपाकघरात शिकवलं. दोन तळव्यांच्या मध्ये वाळकं तमालपत्र उभं धरायचं आणि टाळी वाजवायची. पान चुरलं नाही पाहिजे. तिने किती पानं चुरली. कालवणाला एक उरलं नाही.

पुढे तो आमचा खेळच झाला. शाळेत तिला शाबासकी मिळाली की मी चुलीपाशी उभा राहून बिनआवाजाची टाळी द्यायचो. मी छपराची गळती काढून शिडीवरून धड खाली उतरलो की ती अंगणातून द्यायची. शेजाऱ्यांना वाटायचं बापलेक डास मारताहेत.

येले म्हणजे माझी मुलगी, हे लिहायला पाहिजे. लिहू नये असंही वाटतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार



न्याहारीला मिसेस टॉल्बर्ट मोठ्याने वर्तमानपत्र वाचतात. माझं वाचन हळू, म्हणून मला ते बरं पडतं. आज वार्षिक पारितोषिकांची नावं आली होती. मुख्य नट, मुख्य नटी, सगळे ओळखीचे. मग त्या म्हणाल्या, "सहायक अभिनेत्री," आणि पाचांतलं चौथं नाव वाचलं, नोरा ॲशबी.

माझ्या हातून अंडं खाली पडलं.

"ती बघा, बॉस्टनच्या डॉक्टरची मुलगी," मिसेस टॉल्बर्ट म्हणाल्या. "वडील गेल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींची सेवा करता करता गेले. तोंड पाहिलं नाही पोरीने बापाचं. राजदूत, अंडं उचला, मांजर खाईल."

नोरा ॲशबी म्हणजे येले. बॉस्टनचा डॉक्टर म्हणजे मी.

हे कसं झालं ते लिहितो, एकदा तरी कुठे लिहिलेलं असावं. येलेला स्टुडिओने करारावर घेतलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मला बोलावलं. प्रसिद्धी खात्यातला एक माणूस च्युइंगम चघळत बसला होता. त्याने विचारलं, "मिस्टर, तुम्ही मेलेले असलात तर चालेल का?" मला वाटलं, सिनेमात मरायचं आहे. मरणाऱ्याचं तोंड कॅमेऱ्यात जवळून दिसतं, कधी कधी एखादं वाक्यही मिळतं. मी म्हणालो, "का नाही, आनंदाने." येले माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, मला समजलं आहे. सही झाल्यावर कळलं.

मग तिचं नाव बदललं, केस बदलले, बोलणं बदललं. वय दोन वर्षांनी वाढवलं, नाहीतर डॉक्टरच्या मरणाचा मेळ बसत नव्हता. तिच्या घरी जायचं नाही, पत्र टाकायचं नाही, फाटकापाशी फोटोवाले असतात. चार वर्षं झाली. एकदा तिच्याच सिनेमात मी गर्दीत होतो. ती जिन्यावरून उतरत होती, मी खाली हॅट घेऊन उभा. तो जिना ती पुन्हा पुन्हा उतरली. दिग्दर्शक म्हणाला, "नोरा, नजर समोर ठेव," आणि पुन्हा उतरायला लावलं. मला वाईट वाटलं. एवढी साधी गोष्ट तिला का जमत नव्हती कोण जाणे. तब्येत बरी नसेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आम्हा एक्स्ट्रांनाही मत असतं. मतपत्रिका आली. मुख्यांना सोनेरी मूर्ती देतात, पण सहायकांना नुसता फलक. त्यावर मूर्ती चिकटवलेली असते म्हणे. फलक तर फलक.

स्वतःच्या पोरीला मत देणं लबाडी होईल का, याचा घोर लागला. पाद्रीबाबांना विचारायला गेलो. ते सान पेद्रोचेच, त्यांनीच येलेचं नाव ठेवलं.

"पोरगी काम चांगलं करते का?" त्यांनी विचारलं.

"मला नाही कळत, बाबा. ती पडद्यावर आली की मला बाकी काही दिसत नाही."

"बाकीच्या चौघी कशा आहेत?"

"तेच म्हणतो ना, दिसतच नाही."

"मग ज्यांना पाहिलंच नाही त्यांना मत देणार? ती लबाडी नव्हे?"

घरी येऊन फुली मारली. पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला. आता फाटलेलं मत मोजतात का, हा नवा घोर.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी फोन आला. कास्टिंग ऑफिसच्या बाई म्हणाल्या, "शिमे? गुरुवारी संध्याकाळी. शेपटीचा कोट, पांढरा टाय, पांढरे हातमोजे. डाउनटाउनचं मोठं हॉटेल, मागच्या दाराने यायचं."

"कुठला सिनेमा, बाई?"

"सिनेमा नाही. पारितोषिकांची मेजवानी. नोरा ॲशबीच्या स्टुडिओची निम्मी माणसं फ्लूने अंथरुणात आहेत. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर फोटोत वाईट दिसतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मलाच बोलावलंय का?"

"नाव घालून. दाढीसकट, असं लिहिलंय इथे. येणार की दुसरा बघू?"

"येतो," म्हणालो. जिन्याखालीच बसून राहिलो.

"कोण मेलं?" लास्लोने विचारलं. त्याला सांगितलं. त्यालाही संध्याकाळी फोन आला, पण नावाने नव्हे, सरदार पाहिजेत म्हणून.

नशीब म्हणतात ते हेच. शहरात एवढ्या दाढ्या असताना माझीच त्यांना आठवावी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ठरवलं. तिचं नाव निघालं तर मी टाळी वाजवणार, आवाजाची. मेजवानी खरी आहे, ध्वनीवाला नाही, कर्णावाला नाही. एवढ्या वर्षांत कुठल्या कुठल्या बायांसाठी हात हलवले, आणि पोरीसाठी एक खरी टाळी माझ्या हातून कधी वाजलेली नाही. कुणाला कळणारही नाही. एवढ्या टाळ्यांत एक माझी. पण तिच्या कानात जाईल. टाळ्या मिसळून जातात हे मला ठाऊक आहे, तरी जाईल.

खोलीत वाजवून बघितली. पहिल्यांदा हात आपोआप थांबले. दुसऱ्यांदाही. मग डोळे मिटून, होडीत खिळा ठोकतो तसं ठरवून वाजवली, तेव्हा वाजली. वाजवत राहिलो.

मिसेस टॉल्बर्टनी भिंतीवर झाडू आपटला. "कोणाला मारताय, राजदूत?"

"व्यायाम करतोय."

"बाहेर करा. संत्र्याची झाडं आहेत, त्यांना दाखवा."

बागेत जाऊन केला. सँता आनाचा कोरडा वारा सुटला होता, ओठ फुटले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

जाऊ नये असं वाटतं आहे.

तिने मला पाहिलं आणि बोलता बोलता तिचं चुकलं तर? किंवा कुणी फोटोवाल्याने आमची नाकं ताडली तर? आमच्या घराण्याचं नाक लपत नाही. तिचं दाढीविना आहे एवढंच. किंवा ती मला बघून रागावली तर? मला ती ताता म्हणायची; म्हणेल, ताता इथे कशाला कडमडला. चार वर्षांत एक निरोप नाही तिचा. मला राग येत नाही. कामाच्या व्यापात असेल. पण मुलं विसरतात, विसरायलाच हवं, नाहीतर त्यांचं नवं नाव अंगाला कसं लागणार. पेरिना असती तर म्हणाली असती, शिमे, गप बस आणि कोट झटक.

कोट झटकला तर पाठीवर कसरीने खाल्लेलं भोक निघालं. लास्लोने सदऱ्यावर त्या भोकाखाली बुटाचं काळं पॉलिश चोपडलं.

"आता दिसत नाही," तो म्हणाला. "फक्त कुणी पाठीवर हात ठेवू नये."

"कोण ठेवणार?"

"तेच म्हणतो. बघ, उद्या जेवण खरं असणार. खरी कोंबडी. मी सकाळपासून उपाशी राहणार आहे."

"लास्लो, एखाद्या मुलीला बाप आवडत नसेल आणि—"

"माझ्या बापाला मी आवडत नव्हतो. हात वर कर, बगलेतही उसवलंय."

त्याला यातलं काही ठाऊक नाही, तेच बरं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी

सगळं बिघडवून आलो. नीट लिहितो, म्हणजे पुन्हा पुन्हा मनात येणार नाही.

मागच्या दाराने आम्हाला आत घेतलं, स्वयंपाकघरातून. सहायक दिग्दर्शक नेहमीचाच. त्याने बजावलं, "स्टार मंडळींशी आपणहून बोलायचं नाही. सह्या मागायच्या नाहीत. मी रुमाल काढला की निघायचं." मग त्याच्या हातात खुर्च्यांचा कागद होता, तो बघून मला म्हणाला, "दाढी, तुम्ही इथे." लास्लोला खांबामागे बसवलं. मला भिंतीजवळ, पण नेमकं एका मोठ्या दिव्याखाली. व्यासपीठ समोर. डोळ्यांना त्रास होईल म्हणून मी दुसरी खुर्ची मागितली, तर म्हणाला, "हलायचं नाही, वरून सांगितलंय." दिव्याखाली बसवलं म्हणून मी सवयीने चष्मा काढून खिशात ठेवला. त्यानंतर मला सगळं धुक्यातून दिसल्यासारखं.

टेबलावर खरी माणसं होती, स्टुडिओचे हिशेबनीस का कोण, त्यांच्या बायका. एकाने मला विचारलं, "युरोपात काय होईल, महाराज?" राजदूत समजला. मी राजदूत करतो तशी मान हलवली, आधी वर, मग बाजूला, आणि डोळे मिटले. तो म्हणाला, "मला हेच वाटत होतं."

जेवण आलं. कोंबडी, वाटाणे, वर काही सोनेरी. मी हात लावला नाही. सेटवरचं अन्न खायचं नसतं, ते ताजं दिसावं म्हणून त्याला काय काय फासलेलं असतं. मी काटा धरून नुसता इकडून तिकडे नेत होतो. शेजारच्या बाई म्हणाल्या, "जेवत नाही तुम्ही?" तेव्हा लक्षात आलं की हे खरं आहे. पण तोवर ताट उचललं. लास्लो म्हणे दोनदा जेवला.

मग ती आली. पांढरं काहीतरी खुर्च्यांमधून येत होतं आणि लोक उठून वाट देत होते. मला चेहरा दिसत नव्हता, पण चाल ओळखली. डावा पाय किंचित आधी टाकते, पेरिनासारखी. माझ्या खुर्चीमागची वाट अरुंद होती. ती म्हणाली, "माफ करा," आणि माझ्या पाठीवर, नेमकं भोक होतं तिथे, हात टेकवला. वाट काढायला टेकवतात तसा. पण पुढची माणसं लवकर सरकेनात, म्हणून हात तसाच राहिला. मी वळलो नाही. स्टारकडे बघायचं नाही, समोर बघायचं. समोर मीठदाणी होती. तिच्याकडे बघत राहिलो. मग हात गेला. तिच्या पांढऱ्या हातमोज्याला काळं पॉलिश लागलं असणार. हा पहिला घोटाळा.

भाषणं झाली. निकालाची पाकिटं म्हणे या वर्षी बंद होती, नावं आधी कुणालाच माहीत नव्हती. एका बाईने पाकीट फोडलं आणि नाव वाचलं. नोरा ॲशबी.

सभागृह असं कडाडलं की पेले थरथरले. मी उभा राहिलो. हात उचलले. वाजवले, जीव खाऊन, खांदे दुखेपर्यंत. डोळ्यांत पाणी आलं होतं. सगळे खाली बसायला लागले तरी मी वाजवत होतो.

शेजारच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "तुम्हाला पसंत नाही का हो ही?"

"का?"

"आवाज येत नाहीये तुमच्या टाळीचा."

मी हातांकडे पाहिलं. तळवे तिळाएवढ्या अंतरावर थांबत होते.

सगळा आवाज दुसऱ्यांचा होता. मी माझ्या पोरीला एवढ्या लोकांत उभा राहून मुक्या माणसासारखे हात दाखवत होतो, आणि तेही दिव्याखाली. मी तसाच उभा होतो. ती वर बोलत होती. आभार, मोठ्या साहेबांचे, दिग्दर्शकाचे, सगळं पाठ केलेलं, बॉस्टनच्या बोलीत. आणि मध्येच थांबली. एकदम. मला नुसता पांढरा ठिपका हलताना दिसला. किती वेळ कोण जाणे. शब्द विसरली असणार. माझ्यामुळे विसरली. मला उभं पाहिलं असेल, म्हणाली असेल, हा कोण वेडा. मग ती काहीतरी म्हणाली, लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले, आणि सहायकाने रुमाल काढला.

आम्ही स्वयंपाकघरातून बाहेर पडलो. लास्लोने रुमालात पाव आणला होता, मला देत होता. नको म्हणालो.

"काय झालं तुला? तुझी आईच तिथे हरल्यासारखं तोंड केलंयस."

"काही नाही. चष्मा विसरलो लावायला."

लाल ट्राममधून येताना तो झोपला. मी हातांकडे बघत बसलो. सुताराचे हात, अजून खरखरीत. आता एका टाळीच्याही कामाचे नाहीत.

तोच दिवस, दुपारी

मला न्याहारीला जायचं नव्हतं, पण मिसेस टॉल्बर्टनी दार वाजवून बाहेर काढलं. "या राजदूत, तुमच्या मेजवानीचं आलंय. मी तुमच्यासाठी थांबले आहे. लास्लोच्या हातात पेपर दिला असता तर त्याला लोणी लागलं असतं."

त्या वाचायला लागल्या. कुणाचा पोशाख, कोण कुणाबरोबर आलं. मी कॉफीत पाव बुडवत होतो, तो विरघळून गेला तरी बुडवत होतो. मग त्यांनी चष्मा सारखा केला.

"'नोरा ॲशबी हिच्या भाषणात एक वेगळाच क्षण आला,'" त्यांनी वाचलं. "'आभार मानता मानता ती थांबली. हातातला फलक तिने खाली ठेवला, सभागृहाच्या मागच्या बाजूला पाहिलं, दोन्ही हात उचलले आणि टाळी वाजवल्यासारखे एकमेकांजवळ आणले. पुन्हा दूर नेले, पुन्हा आणले. कितीदा तरी. तळवे एकमेकांना लागले नाहीत. तिच्या उजव्या हातमोज्यावर काळा डाग होता, हे अनेकांच्या नजरेत आलं. सभागृहाला काही उमगलं नाही. ही दिवंगत वडिलांसाठी केलेली प्रार्थना होती, असा खुलासा स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्याने नंतर केला.'"

मी कप खाली ठेवला. बशी कुठे होती ते दिसेना. चष्मा डोळ्यांवरच होता.

एवढ्या लांबून तिला मी कसा ओळखू आलो, कोण जाणे. योगायोगाने दिव्याखाली खुर्ची मिळाली म्हणून. त्या सहायकाच्या मनात तसं काही नसणार.

"काय मेली ही प्रार्थना," मिसेस टॉल्बर्ट म्हणाल्या. "माणूस हात जोडतो, नाहीतर जोडत नाही. मध्येच कोण थांबवतं?"

"बॉस्टनकडे पद्धत असेल," मी म्हणालो.

त्यांनी पेपरच्या वरून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. माझ्या दाढीकडे, मग नाकाकडे.

"असेल," त्या म्हणाल्या. "माझा एक चुलता बॉस्टनचा होता. पुन्हा वाचू का तेवढं?"

"वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश. लास्लो आला आणि लोणी मागायला लागला, तर त्याला म्हणाल्या, "गप बस रे, मी वाचतेय," आणि मी न सांगता तिसऱ्यांदा वाचलं.

माझे हात टेबलाखाली होते. ते तिथे काय करत होते हे दोघांनाही कळलं नसावं. आवाज नव्हताच.